उलटी लावलेली गाडी

रॉयस प्रुइटची पन्नाशी उलटली तरी त्याला गाडी कशी लावायची ते कळत नव्हतं, असं त्याच्या आईचं स्पष्ट मत होतं. आणि ओलीटा प्रुइटचं मत म्हणजे गल्लीतली कुजबुज नव्हे. ती ते चर्चच्या पायरीवर, पोस्टात, किराणाच्या दुकानात, जिथे चार माणसं असतील तिथे मोठ्याने सांगायची.

सॉरेल वेल्सच्या शाळेच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणाला लागून मातीची मोकळी पट्टी. शुक्रवारी संध्याकाळी गाव तिथे आपापल्या पिकअप गाड्या लावायचं. नाकं मैदानाकडे. म्हणजे काचेतून मॅच दिसते, आणि आपल्या पोरांनी चेंडू रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केलं की बसल्या जागी भोंगा वाजवता येतो. ही रीत ओलीटाच्या सासऱ्याच्या वेळेपासूनची. आणि तिचा हा थोरला दिवटा गेली तीन वर्षं गाडी उलटी लावत होता. शेपूट मैदानाकडे, तोंड कपाशीच्या रानाकडे. आत बसून रेडिओवर हार्लन सिटीच्या मोठ्या शाळेची मॅच ऐकायची, मधूनच आरशात बघायचं आणि आपल्याच गावच्या पोरांना नावं ठेवायची.

"चर्चमध्ये पण असाच पाठमोरा बसशील का रे?" तिने एकदा विचारलं होतं.

"चर्चमध्ये निदान कुणी हरत नाही, आई," रॉयस म्हणाला होता.

त्याचं दुखणं तिला ठाऊक होतं. गावच्या पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत 'राज्य विजेते' लिहिलेलं होतं, ते रॉयस शाळेकडून खेळायचा त्या वर्षाचं. तेव्हा शाळेत पोरं मावत नव्हती. मग कापसाचं जिनिंग बंद पडलं, घरं रिकामी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी अशी वेळ आली की अकरा धडधाकट पोरं उभी राहीनात. तेव्हा शाळा सहा जणांच्या फुटबॉलमध्ये गेली. वाळवंटाच्या कडेची कितीतरी गावं तेच खेळतात. मैदान आखूड, पळापळ भरपूर, आणि हाफटाइमनंतर पंचेचाळीस पॉइंटांचा फरक पडला की पंच दया करून मॅच थांबवतात.

सॉरेल वेल्सवर या वर्षी ती दया बऱ्याचदा झाली होती. जिंकली मात्र एकही मॅच नव्हती.

आणि टाकीवरची अक्षरं पुसट झाली तरी गावाच्या डोक्यातली झाली नव्हती. रॉयसच्या वर्षाची सगळी फौज, डब फेरेल आणि मंडळी, पोटावर न मिटणारी टीमची जुनी जाकिटं घालून गाड्यांमध्ये बसायची आणि कुंपणापलीकडून ओरडायची. आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी रक्त आलं तरी खेळायचो. एवढं बोलून ती चिप्स खायची. आत बाकावर येऊन बसणारी माणसं थोडीच: आया, दोन-चार शिक्षक, आणि ओलीटा.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर रॉयसने तळलेल्या मांसाच्या तुकड्यावर पांढरी ग्रेव्ही ओतता ओतता जाहीर केलं, "वेस्टनचं नाव मी हार्लन सिटीच्या शाळेत घालतोय."

वेस्टन म्हणजे त्याचा मुलगा. काटकुळा, लांब पायांचा, बोलायला कमी. त्याने काटा खाली ठेवला.

"का?" ओलीटाने विचारलं.

"तिथे खरा फुटबॉल आहे. अकरा जणांचा. इथे काय, अंगणातली पकडापकडी!"

"तिथे शेकड्यांनी पोरं आहेत. हा शाळा संपेपर्यंत बाकावर बसून पाणी देईल."

"खऱ्या बाकावर बसेल."

"आणि इथली पोरं? सातातल्या एकाचं खांद्याचं हाड मोडलंय. हा गेला की पाच. पाचांत काय खेळतील, पत्ते?"

"तो माझा प्रश्न नाही, आई."

ओलीटाने ग्रेव्हीचं भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं. तिच्या घरात हे फार गंभीर समजलं जायचं.

"तुझाच प्रश्न आहे. टीम मोडली की शुक्रवारचे दिवे गेले. दिवे गेले की शाळा जाईल हार्लन सिटीला, आणि तुझी ती टाकी उरेल, कबुतरांना वाचायला. ऐक. शेवटची मॅच राहिलीय, बेंडर गावाशी, इथेच. ती जिंकली तर पोरगा राहील."

रॉयस हसला. "बेंडरशी? हरले तर?"

"हरले तर मी स्वतः त्याची पिशवी भरून देईन."

"टॉन्या, तू साक्षीला आहेस," रॉयस बायकोला म्हणाला. टॉन्या म्हणाली, "मी ग्रेव्हीच्या बाजूने आहे," आणि भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.

जेवण झाल्यावर वेस्टन ओलीटाच्या परसात गेला, आणि थोड्या वेळाने नेहमीचा धप्प धप्प आवाज सुरू झाला. तिथे गॅसची लांबुळकी टाकी होती आणि पलीकडे कपडे वाळत घालायचे दोन खांब. टाकीच्या वरून आणि खांबांच्या मधून चेंडू जायला हवा, हा त्याचा खेळ उन्हाळ्यापासून चालला होता. त्यात तिच्या दोन कुंड्या आणि एक चांगली चादर कामी आली होती.

"अरे, टचडाउन केल्यावर चेंडू हातात घेऊन पळतात ना पुढच्या पॉइंटसाठी?" तिने उन्हाळ्यातच विचारलं होतं. "मग ही लाथाळी कशाला?"

"आजी, अकरा जणांच्या खेळात लाथ मारून गोल केला तर एक पॉइंट, पळत नेला तर दोन. आमच्यात उलटं. पळत नेला तर एक, लाथेला दोन."

"असं का बरं?"

"सहाच जण. समोरच्यांना अडवायला माणसंच नसतात. लाथ मारायच्या आत अंगावर येतात. म्हणून कुणी मारतच नाही. पण मारता आली तर दोन."

ओलीटा सहावीतून शाळा सोडून कापूस वेचायला गेली होती. पण एक आणि दोन यांतला फरक तिला शाळेने शिकवावा लागला नव्हता. त्या दिवसापासून ती खांबांमागे उभी राहून चेंडू परत फेकायला लागली, आणि चुकला की बोलायलाही.

"तुझ्या बापाला माहीत आहे का हे? लाथेला दोन?"

"बाबा म्हणतात, लाथ मारणारा तो काही खेळाडू नव्हे." एवढंच म्हणून तो चेंडू उचलायला गेला होता.

*

शुक्रवारी वारा पडला होता. ओलीटा हाफटाइमपर्यंत खाण्याच्या टपरीत होती. चिप्सच्या पिशव्या उभ्या फाडायच्या, त्यात डावाने गरम चिली, म्हणजे खिम्याचा तिखट रस्सा, ओतायची, वर चीज भुरभुरायचं, हे काम ती कुणाला करू देत नसे. मैदानाकडे तिची पाठ होती, पण कान तिकडे होते. बेंडरच्या बाजूचे भोंगे सारखे वाजत होते. आपल्या बाजूला टचडाउन झालं तरी बाकावरच्या आया तेवढ्या ओरडायच्या. गाड्या मुक्या.

हाफटाइमला रॉयस काउंटरवर आला.

"एक दे. मिरची जास्त. किती झालेत?"

"फलक आहे की एवढा मोठा."

"आरशात आकडे उलटे दिसतात."

"मग माणूस सरळ बसतो, रॉयस."

मागून डब फेरेल म्हणाला, "मिस ओलीटा, फार मागे नाहीत हो पोरं. दोन टचडाउनचा फरक. पंच अजून थांबवत नाहीत म्हणजे नवलच!"

"तुझ्या पोराने मघाशी लाथ मारली ती बघितली?" आणखी एक जाकीट हसलं. "खांबाला नाही, माझ्या गाडीला लागणार होती!"

रॉयसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पिशवी उचलून तो चालू लागला. जाता जाता म्हणाला, "आई, त्याची पिशवी आज रात्रीच भर."

ओलीटाने डाव टॉन्याच्या हातात दिला, एप्रन सोडला आणि उशी काखोटीला मारून बाकावर, सगळ्यांत खालच्या ओळीत जाऊन बसली. कोच आरांडा तिथूनच चालला होता. तरुण माणूस. इतिहास शिकवायचा, शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात गावाच्या शिव्या खायचा.

"कोच," तिने हाक मारली.

"बोला, मिस ओलीटा."

"माझ्या नातवाची ती चुकली, ती वाकडी का गेली?"

"घाबरला. गाड्यांकडे बघत होता."

"मग त्याला सांगा, गाड्यांकडे नाही बघायचं. म्हातारीकडे बघायचं."

कोच हसला, पण मान हलवून गेला.

मग काय झालं कुणास ठाऊक. बेंडरची पोरं जड होती, थोराड होती, पण सहा जणांच्या खेळात जड माणूस दमतो. आपला बेतो, दूधवाल्यांच्या गोठ्यावरचा, हाताला लागत नव्हता. एकदा तो अख्खं मैदान पळाला आणि पलीकडे जाऊन शांतपणे चेंडू खाली ठेवला, जसं काही अंडं ठेवतोय. बाकांवर आया किंचाळल्या. आणि कुंपणाकडून एक भोंगा वाजला. एकच, आखूड, चुकून कोपर लागावं तसा.

"डब!" रॉयसचा आवाज आला. "काय करतोस?"

"कोपर लागलं," डब म्हणाला.

पुढच्या टचडाउनला दोन-तीन कोपरं लागली. बेंडरने पुन्हा एक केलं. आपल्यांनी पुन्हा फेडलं. थंडी वाढली तशी ओलीटाने शाल अंगावरून काढून मांडीखाली घातली, कारण तिला उकडायला लागलं होतं.

शेवटची दोनेक मिनिटं उरली तेव्हा फलकावर होतं बेंडर पंचेचाळीस, सॉरेल वेल्स अडतीस. चेंडू आपल्याकडे.

तेवढ्यात तिला मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. रॉयसची गाडी. निघाला वाटतं, तिने दात आवळले. या वर्षी पहिल्या मॅचला तो पंचांच्याही आधी निघाला होता. तिने मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं, आणि वळून बघितलं.

गाडीचे दिवे कपाशीवरून फिरले, धूळ उडाली, आणि रॉयसने गाडी पुढे घेऊन, मागे घेऊन, पुन्हा पुढे घेऊन, नाक मैदानाकडे करून उभी केली. मग दार उघडून तो खाली उतरला आणि कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"बघतेस काय, आई?" तो ओरडला. "मान दुखत होती!"

मैदानावर घड्याळ संपत आलं होतं. शेवटचा डाव. बेंडरची सगळी पोरं बेतोवर तुटून पडली, आणि बेतोने चेंडू त्यांच्या डोक्यावरून अलगद फेकला. कुणाकडे? हार्लीकडे. हार्ली म्हणजे मधे वाकून चेंडू मागे देणारं गुटगुटीत पोरगं. अकरा जणांच्या खेळात अशा पोराच्या हातात चेंडू यायची मुभाच नसते. तो आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धक्के खातो. हार्लीने चेंडू पोटाशी असा घट्ट धरला, जसा आईने पोराला धरावा, आणि रेषेपलीकडे जाऊन आडवा पडला. घड्याळात शून्य.

कुंपणावरचे सगळे भोंगे एकदम वाजले.

"त्या जाड्याने झेलला?" रॉयस ओरडत होता. "हे चालतं?"

"चालतं वाटतं!" डब ओरडला.

टचडाउनचे सहा. पंचेचाळीस, चव्वेचाळीस. एक कमी. घड्याळ संपलं तरी टचडाउननंतरचा एक प्रयत्न बाकी असतो. कोच आरांडाने पोरांना जवळ घेतलं, काहीतरी बोलला, आणि वेस्टन एकटा मागे चालत जाऊन पावलं मोजायला लागला. बेतो चेंडू धरायला गुडघ्यावर बसला.

कुंपणावर स्फोट झाला.

"लाथ? लाथ मारतोय?" रॉयस तारेवर चढायचाच बाकी होता. "आरांडा! भित्र्या! बरोबरीसाठी खेळतोस? पळ म्हणावं! दोन घे, दोन!"

"दोन! दोन!" जाकिटांनी सूर धरला. "पळा! दोन घ्या!" ते गाड्यांच्या पत्र्यावर हात आपटू लागले. बेंडरच्या बाजूला माणसं तोंडावर हात ठेवून बघत होती. त्यांना वाटलं, हे गाव आपल्याच पोरांना चिडवतंय.

बाकांवरच्या प्रत्येकाला माहीत होतं की पळाले तर एक, म्हणजे बरोबरी, आणि लाथ बसली तर दोन, म्हणजे जिंकले. ओलीटाला आधी हसू आलं आणि मग संताप. तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस पोरांच्या नावाने खडे फोडतोय, आणि त्याने खेळ कसा मोजतात एवढंसुद्धा बघितलेलं नाही!

वेस्टनने बापाचा आवाज ओळखला होता. त्याचे खांदे वर गेले. तो गाड्यांकडे बघायला लागला.

ओलीटा उठून उभी राहिली. गुडघे कडकडले. तिने उजवा हात उंच केला आणि दोन बोटं आकाशात धरली. जशी ती परसात खांबांमागे उभी राहून धरायची. दोन. या लाथेला दोन.

वेस्टनने तिच्याकडे बघितलं. खांदे खाली आले.

"बघा!" कुंपणाकडून रॉयस आनंदाने ओरडला. "माझी आईपण तेच म्हणतेय! दोन!"

हार्लीने चेंडू मागे दिला. बेतोने टेकवला. बेंडरचा सगळ्यांत थोराड पोरगा हात पसरून झेपावला, आणि धप्प. तोच आवाज, परसातला. चेंडू त्या पोराच्या बोटांवरून गेला, दिव्यांच्या उजेडात गरगरत वर चढला आणि दोन खांबांच्या बरोब्बर मधून पलीकडच्या अंधारात पडला. दोन्ही पंचांनी हात वर केले.

बाकं रिकामी झाली. आया, शिक्षक, टपरीतून डाव हातात घेऊन टॉन्या, सगळे मैदानात. हार्लीवर पोरं चढली, पोरांवर आया चढल्या. कोच आरांडा गवतावर बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

कुंपणावर मात्र सगळे जागच्या जागी.

"एवढं काय नाचताय?" रॉयस हात पसरून विचारत होता. "बरोबरी झालीय! आता जादा वेळ खेळायला लागणार! उठवा त्या कोचला!"

फलकावरचा चव्वेचाळीस गेला आणि शेहेचाळीस आला.

"रॉयस," डब हळूच म्हणाला, "फलक बिघडला का रे?"

"बिघडलाच आहे!" आणि प्रामाणिकपणाने ओथंबून रॉयस पंचांना हाका मारायला लागला. "अहो! ओ! आम्हाला एक जास्त दिलाय! चूक झालीय तुमची! एक कमी करा!"

बेंडरचा कोच हात मिळवायला चालला होता, तो थांबला. त्याने आधी रॉयसकडे बघितलं, मग आरांडाकडे. "हा तुमचा माणूस आहे का आमचा?"

"अजून ठरतंय," गवतावरून कोच आरांडा म्हणाला.

ओलीटा फाटकातून बाहेर आली. सावकाश. तिला घाई नव्हती. पट्टीवरून चालत ती रॉयसपर्यंत पोचली तोवर कुणीतरी डबच्या कानात सांगितलं होतं, डबने दुसऱ्याला, आणि जाकिटं एकेक करून जमिनीकडे बघायला लागली होती. शेवटी डबने रॉयसला सांगितलं. रॉयसचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"लाथेला दोन?" तो म्हणाला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून," ओलीटा म्हणाली.

मैदानातून वेस्टन येत होता. हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले, तोंडभर हसू. कुंपणाशी आल्यावर ते हसू जरा आखडलं. तारेच्या अलीकडे आजी, पलीकडे तो, आणि मधे बाप, कुठे बघावं ते न कळणारा.

"बाबा," वेस्टन म्हणाला, "बरोबर मधून गेली. बघितलीत?"

रॉयस गाडीकडे वळला, उघड्या खिडकीतून आत वाकला आणि भोंग्यावर हात ठेवला. काढलाच नाही. एकटाच भोंगा, लांबलचक, तीन वर्षांचा साठलेला. मग डबचा लागला, मग सगळ्यांचे. पार पलीकडे कपाशीत झोपलेली पाखरं उठली.

तो थांबला तेव्हा ओलीटाने त्याच्या जाकिटाची कॉलर धरून त्याला खिडकीतून बाहेर ओढलं. पन्नाशी उलटलेला माणूस मुकाट्याने बाहेर आला.

"ऐक, रॉयस प्रुइट," ती म्हणाली, वेस्टनला ऐकू जाईल, डबला ऐकू जाईल आणि बेंडरच्या बसमध्येही ऐकू जाईल अशा आवाजात. "पोरगा इथेच राहील, हे तुझ्याच शब्दाने ठरलं. त्या टाकीवर तुझं वर्ष लिहिलंय म्हणून तू आरशात बघून सगळ्यांना मापत बसलास, आणि आरशात सगळं उलटं दिसतं हे तूच सांगितलंस तरी तुला कळलं नाही. गाडी सरळ केलीस, चांगलं केलंस. आता टाळकं सरळ कर. पुढच्या वर्षी पहिल्या शुक्रवारपासून तू आत येशील, माझ्या शेजारी बाकावर बसशील, आणि ओरडायच्या आधी मला विचारशील, आई, हे कितीचं?"